पुदिन्याचं मीठ पुन्हा सादळलं? आधी वजनकाटा काढा

पुदिन्याचं मीठ करून पंधरा दिवस झाले की तीच रडकथा. बाटली उलटी केली तरी काही पडत नाही, चमच्याने खरवडलं तर हिरवट-तपकिरी ढेकूळ निघतं, आणि वासाचा पत्ता नाही. मग कोणीतरी सांगतं म्हणून बरणीत तांदूळ टाकायचे. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी तांदूळही मिठाला चिकटून बसलेले.

माझ्या ठाण्याच्या गॅलरीत पुदिना, कढीपत्ता, ओव्याची पानं, गवती चहा आणि दोन तुळशी आहेत. या सगळ्यांची मिठं मी गेली काही वर्षं करते आणि ती बिघडवण्याचा एकही प्रकार सोडलेला नाही. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते.

आधी एक खुलासा. हे मीठ फोडणीत किंवा कुकरमध्ये घालायचं नाही. ते खाताना वरून भुरभुरायचं: काकडीवर, पेरूवर, उकडलेल्या अंड्यावर, भाजलेल्या कणसावर, ताकात. उत्तराखंडात सिलबट्ट्यावर मीठ, लसूण, मिरची, कोथिंबीर एकत्र वाटून ‘पिस्यूं लूण’ करतात, तीच जात. आपल्याकडे कैरीच्या फोडीवर तिखट-मीठ येतं तेवढंच, पानांचं मीठ करण्याची आपली अशी रीत नाही. त्यामुळे आजीला विचारून सुटेल असा हा प्रश्न नाही. पापडाच्या बाबतीत मात्र आजीला जे ठाऊक होतं ते इथे चांगलंच उपयोगी पडतं, त्याकडे पुढे येते.

पाणी आतलं की बाहेरचं?

मीठ ओलं झालं की आपण लगेच हवेला दोष देतो. पावसाळा असेल तर विचारायलाच नको. पण ओल्या मिठाची कारणं दोन आहेत आणि दोन्हीचे उपाय वेगळे. एक म्हणजे पानातलं पाणी पुरतं गेलेलंच नव्हतं आणि आपण बरणी बंद केली. दुसरं म्हणजे मीठ खरोखर कोरडं झालं होतं, पण नंतर हवेतून पाणी आत शिरलं. कारण पहिलं असेल तर बरणी कितीही घट्ट लावा, काही उपयोग नाही. पाणी आतच कोंडलेलं आहे. कारण दुसरं असेल तर मीठ दहा वेळा वाळवा, बाटली उघडीच राहत असेल तर अकराव्यांदा ओलं होणार.

फरक कसा ओळखायचा? वजन करा. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरतो.

समजा १०० ग्रॅम मीठ आणि २५ ग्रॅम ताज्या पुदिन्याची पानं एकत्र वाटली. ताज्या पुदिन्यात साधारण ८५ टक्के पाणी असतं. म्हणजे २५ ग्रॅम पानांत २१ ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी, आणि खरं पान जेमतेम ४ ग्रॅम. तेव्हा हे मिश्रण वाळून तयार झालं असं म्हणायचं तर ताटातल्या मालाचं वजन १२५ वरून १०४ च्या जवळ यायला हवं. माझी पहिली दोन वर्षं मी हाताला कोरडं लागलं की बरणीत भरत होते. तिसऱ्या वर्षी काटा लावला तर ‘कोरडं’ मीठ ११० ग्रॅम भरलं. म्हणजे सहा ग्रॅम, चांगला एक छोटा चमचाभर पाणी, मी दर वेळी मिठाबरोबर बरणीत भरत होते आणि दोष जुलै महिन्याला देत होते.

हाताचा अंदाज इथे फसतो, कारण मिठाचे स्फटिक वरून लवकर कोरडे होतात. पानाचा कण मात्र आत ओला राहतो आणि त्याच्याभोवती मिठाचा पापुद्रा धरतो. बरणी बंद केली की ती ओल हळूहळू सगळीकडे पसरते. स्फटिकांचे काठ थोडे विरघळतात, पुन्हा वाळतात, आणि वाळताना एकमेकांना जोडले जातात. ढेकूळ होतं ते असं.

पानाचं वजन आधी केलंच नसेल तर दुसरी युक्ती. तयार मीठ कोरड्या काचेच्या बाटलीत अर्धं भरा, झाकण लावा, दोन तास उन्हात ठेवा आणि मग सावलीत आणा. काचेला आतून धूसर वाफ धरली तर माल कच्चा आहे, परत ताटात ओता.

आणि तिसरी, माझी सगळ्यात आवडती. एका बशीत चमचाभर तयार पुदिन्याचं मीठ, दुसऱ्या बशीत तेच पण साधं, पान न घातलेलं मीठ. दोन्ही ओट्यावर रात्रभर उघड्या. सकाळी दोन्ही ओल्या असतील तर दोष मिठाचा किंवा हवेचा. फक्त पुदिन्याची ओली असेल तर दोष पानांचा. एवढी साधी परीक्षा न करता मी सैंधव, समुद्रमीठ, तीन प्रकारच्या बरण्या असं सगळं विकत आणून बसले होते.

पानातलं पाणी काढायचं कसं

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे पानं आधी वेगळी वाळवा आणि मग मिठात मिसळा. ताजी पानं मिठाबरोबर वाटून वाळवणं दिसायला सुंदर असतं, मीठ हिरवंगार होतं, वासही खोलवर मुरतो. पण तो प्रकार कोरड्या हवेसाठी ठेवा. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवेतला दमटपणा बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या खाली असतो, तिथे परातीत पसरलेलं मीठ एका दिवसात खडखडीत होतं. ठाणे, चिपळूण किंवा मडगावात ऑगस्टमध्ये हाच प्रयोग केला तर मीठ वाळणार नाहीच, उलट पाणी पिऊन बसेल.

पानं तोडायची ती दोन दिवस पाऊस नसताना, सकाळी दव उडून गेल्यावर. देठ काढून टाका. देठ सगळ्यात शेवटी वाळतात आणि वासाला जवळपास शून्य. धुतली तर पंच्यावर पसरून पूर्ण सुकू द्या. कीटकनाशक मारलेलं झाड असेल, किंवा रोपवाटिकेतून गेल्याच आठवड्यात आणलेलं असेल, तर त्याची पानं सोडा, नवीन फुटवा येऊ द्या.

मग सावलीत, वारा लागेल अशा जागी. उन्हात नाही, उन्हात पान वाळतं पण रंग विटतो आणि वास उडतो. पान बोटांत धरून चुरलं तर भुगा झाला पाहिजे. वाकलं तर अजून पाणी आहे.

प्रत्येक झाडाचा स्वभाव निराळा. कढीपत्त्यात मुळातच पाणी कमी, ६५ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तो आपणहून वाळतो, काही करावं लागत नाही. गवती चहा कात्रीने बारीक कापला तर दोन-तीन दिवसांत तयार, मात्र त्याचे धागे राहतात, ते चाळून घ्यावेच लागतात. ओव्याचं पान म्हणजे अगदी उलट टोक: जाड, मांसल, पाण्याने भरलेलं. आठवडा झाला तरी चामड्यासारखं वातड. त्याच्या पातळ चकत्या करा, त्यावर थोडं मीठ चोळून तासभर चाळणीत ठेवा. मीठ त्यातलं पाणी ओढून काढतं, ते खालच्या वाटीत गळतं. हे पाणी फेकू नका, वरणात घाला. मग उरलेल्या चकत्या वाळवा. ओव्याच्या पानाचा वास दांडगा असतो, ओव्यात असतं त्याच कुळातलं द्रव्य त्याच्यात आहे, त्यामुळे एवढं सोसूनही वास टिकतो. पुदिन्याशी असं वागलात तर हातात गवत राहील.

पावसाळ्यात वाळवायचंच असेल तर फ्रीज वापरा. बर्फ न साठणारा, म्हणजे फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आतली हवा सतत कोरडी करत असतो. कोथिंबीर उघडी राहिली की सुकून जाते ती यामुळेच. ताटात कागद घालून पानं एकेरी पसरा, उघडी ठेवा, पाच-सात दिवसांत पुदिना छान हिरवा वाळतो. शेजारी बोंबील नको, एवढं सांभाळा.

मायक्रोवेव्हही चालतो: कागदी रुमालाच्या दोन घड्यांमध्ये पानं ठेवून वीस-वीस सेकंद, मध्ये उघडून वाफ जाऊ द्यायची. अगदी कोरडी होत आली की डोळे तिथेच ठेवा, जळायला क्षण पुरतो. ओटीजीबद्दल, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनबद्दल, माझं मत फारसं चांगलं नाही. काहींचा सर्वांत खालचा आकडाच इतका वर असतो की खोलीभर पुदिन्याचा घमघमाट सुटतो. घर वासाने भरलं म्हणजे तेवढा वास मिठातून गेला, हे लक्षात घ्या. ४०-४५ अंशांच्या वर पानं नेऊ नका.

हवेतून येणारं पाणी

समजा वजन बरोबर आलं, बाटलीला वाफ धरली नाही, तरीही आठवड्याने मीठ सादळलं. आता हवेकडे बघायचं.

शुद्ध मिठाचा एक ठरलेला आकडा आहे. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या खाली असेल तर मीठ कोरडं राहतं, त्याच्या वर गेला की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागतं. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर दमटपणा बहुतेक वेळ ८० च्या वर असतो. म्हणजे चार महिने उघडं मीठ कोरडं राहणं शक्यच नाही, मग त्यात पुदिना असो वा नसो.

खडे मिठाचं तर आणखी वेगळं. समुद्राच्या पाण्यात साध्या मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारही असतात. मिठागरात मीठ धरल्यावर उरलेलं कडू पाणी पूर्ण निथळलं नाही की त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड स्फटिकांना चिकटून राहतं. ते तर ३३ टक्के दमटपणातच पाणी ओढायला लागतं. म्हणून मिठागरावरून थेट आणलेलं मीठ हिवाळ्यातही दमट लागतं, आणि त्याची किंचित कडसर चवही त्यामुळेच. चवीला ते मला आवडतं. कैरीवर त्याच्यासारखं दुसरं नाही. पण पानांच्या मिठासाठी ते सगळ्यात त्रासदायक.

पुष्कळ जण सांगतात, खडे मीठ कढईत भाजून घ्या. भाजल्याने आत्ताचं पाणी जातं, मॅग्नेशियम तिथेच राहतं. दोन दिवसांत परत तेच. त्यापेक्षा ते धुऊन घ्या, आणि तेही मिठाच्याच पाण्याने. एका पातेल्यात पाण्यात मीठ विरघळवत जा, तळाशी न विरघळणारं मीठ उरेपर्यंत. हे पाणी आता आणखी मीठ विरघळवू शकत नाही. खडे मीठ चाळणीत घेऊन हे पाणी त्यावरून दोनदा ओता, निथळू द्या, मग वाळवा. मीठ जवळपास तेवढंच राहतं, चिकटलेला कडू भाग वाहून जातो. कटकट नको असेल तर सरळ सैंधव घ्या आणि ते खलबत्त्यात भरड कुटा. सैंधव खाणीतून येतं, त्यात हा त्रास बराच कमी. मात्र रोजच्या स्वयंपाकातलं मीठ आयोडीनयुक्तच ठेवा, भुरभुरायच्या मिठावर आयोडीनची भिस्त ठेवू नका.

आता तांदळाचे दाणे. कच्च्या तांदळात स्वतःचीच ओल असते, १२ ते १४ टक्के. तो मिठाचं पाणी काय पिणार? भाजून गार केलेला तांदूळ थोडं काम करतो, आणि बाटली हलवताना दाणे गुठळ्या फोडतात, हा खरा फायदा. ओल रोखायची असेल तर खाद्यपदार्थांसाठी मिळणारी सिलिका जेलची पुडी झाकणाला आतून चिकटवा.

पण माझ्या घरातला खरा गुन्हेगार निघाला वेगळाच: वाफ. उकळत्या कढीच्या पातेल्यावर बाटली धरून मीठ भुरभुरण्याची आमच्याकडे सगळ्यांना सवय. कढीची वाफ सरळ बाटलीच्या तोंडात. आता मोठी बरणी कपाटात बंद असते, ओट्यावर ३०-४० ग्रॅमची छोटी बाटली, आणि त्यातूनही मीठ आधी तळहातावर घ्यायचं, मग पदार्थावर. ओला चमचा घातला तर घरात भांडण होतं.

बरणी काचेची किंवा चिनी मातीची. स्टीलच्या डब्यात मीठ ठेवू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात. पत्र्याचं झाकण असेल तर गंजाचे ठिपके मिठात. प्लॅस्टिकचं घट्ट फिरकीचं झाकण सगळ्यात बरं.

सादळलेलं मीठ फेकायचं का?

वास शुद्ध असेल आणि बुरशी दिसत नसेल तर नाही. मिठाने भरलेल्या पाण्यात बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत. वरती पांढरी-काळी लव दिसली किंवा कुबट वास आला तर मात्र चाखूनही बघू नका.

वाळवताना एक गोष्ट समजून घ्या: हवा तापवली की तिचा दमटपणा उतरतो. ३० अंशांची ८५ टक्के दमट हवा ४५ अंशांपर्यंत तापवली तर तीच हवा ३८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून जाड लोखंडी तवा तापवून गॅस बंद करायचा, त्यावर जाळी, जाळीवर मिठाचं ताट. तवा गार झाला की परत एकदा. तीन-चार फेऱ्यांत मीठ मोकळं होतं. रात्री एसी लागत असेल तर त्या खोलीत ताट उघडं ठेवलं तरी काम होतं, एसी हवेतलं पाणी बाहेर टाकतोच. वाळलं की गरम असतानाच बरणीत भरू नका, गार होऊ द्या. पण गार होण्यासाठी ओट्यावर उघडं टाकून मालिका बघत बसलात तर मेहनत पाण्यात. ताटावर ताट झाका.

रंग गेला

हिरवं मीठ खाकी होण्याची कारणं दोन. पुदिना आणि तुळस चिरल्या-वाटल्याबरोबर काळवंडू लागतात, कापलेल्या सफरचंदासारख्या. पानं आधी पूर्ण वाळवून मग कुटली तर हे फार कमी होतं. दुसरं कारण लिंबू. चटणीच्या सवयीने लोक मिठातही लिंबू पिळतात किंवा लिंबाची फुलं टाकतात. आंबटाने पानातलं हिरवं द्रव्य शेवाळी-तपकिरी होतं, वर पाणीही वाढतं. लिंबाची चव हवी असेल तर किसलेली पिवळी साल वाळवून घाला, खालचा पांढरा भाग नको, तो कडू.

पानं उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून गार पाण्यात काढली तर रंग राहतो, हे खरं आहे. मी करत नाही. वास पाण्यात जातो, आणि आपण रंग खात नाही.

वास येत नाही

बहुधा प्रमाण चुकलेलं असतं. १०० ग्रॅम ताज्या पुदिन्याची वाळून जेमतेम १५ ग्रॅम पानं होतात. तेवढी पाव किलो मिठात घातली तर ती फक्त दिसतात. वजनाने एक भाग वाळलेलं पान आणि चार ते पाच भाग मीठ धरा, म्हणजे त्या १५ ग्रॅमना ६० ते ७५ ग्रॅम मीठ पुरे. मिठात पान वाढवा, जेवणात मीठ वाढवू नका. दिवसभरातलं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तो एक सपाट छोटा चमचाच झाला.

कढीपत्त्याची तक्रार वेगळी असते. वाळल्यावर त्याचा वास झोपतो. काही जण म्हणून तो तेलात कुरकुरीत तळून घालतात. आठ दिवस अप्रतिम लागतं, पण तेवढ्याशा तेलाने महिन्याभरात सगळी बरणी खवट. तळलेलं घालायचं तर आठवड्याचंच करा. नाहीतर वाळलेली पानं अख्खी ठेवा आणि लागेल तेव्हा चिमूटभर मिठाबरोबर खलात कुटा.

पानं तळाला, मीठ वर

भुगा बारीक आणि मीठ भरड असलं की बाटली हलताना भुगा खाली सरकतो. वरून पहिले आठ दिवस नुसतं मीठ पडतं, तळाला हिरवी पूड. मिक्सरमध्ये वेगवेगळं दळून मिसळलं की हे हमखास होतं. दोन्ही एकत्र खलबत्त्यात किंवा पाट्यावर कुटा. दाबाखाली पानाचा भुगा स्फटिकांच्या खाचांत बसतो. मिक्सरच वापरायचा तर क्षणभर फिरवून थांबा, असं चार-पाचदा. सलग फिरवला तर भांडं तापतं आणि वास झाकण उघडताच निघून जातो. नंतर भांडं लगेच धुवा, मीठ पात्याच्या मुळाशी राहिलं की गंज धरतो.

लसणाच्या मिठाची गुठळी

याला वरचं काहीच पुरेसं लागू पडत नाही. लसूण पूर्ण वाळला तरी त्यातले काही घटक हवेतली ओल धरून चिकट होतात. बाजारची लसूणपूडही अशीच दगड होते. मी लसणाचं मीठ आता साठवायचं बंद केलंय. वाळलेल्या लसणाच्या चकत्या वेगळ्या बाटलीत, आणि वाटीभर मीठ करायचं ते चार दिवसांत संपेल एवढंच.

बाकी सगळ्यांचं मी आता एप्रिलमध्ये उरकते, कुरडया-पापड गच्चीवर पडतात त्याच आठवड्यात. आजीला ठाऊक होतं ते हेच: वाळवण पावसाळ्याआधी. त्याच चादरीच्या कोपऱ्यात, कागदाची सावली धरून पुदिना. पावसाळ्यात झाडं जोमात असतात, पानं तोडायचा मोह होतो, तेव्हा तोडलेल्या पानांची चटणी करते.